मांजरीचं ऑपरेशन आत्ताच करावं की एकदा पिल्लं होऊ द्यावीत?

सायली_डोंबिवली:
आमची चिंगी साडेपाच महिन्यांची आहे, चार दिवस झाले रात्रभर ओरडतेय, शेपूट वर करून लोळते आणि खिडकीच्या ग्रिलपाशी दोन बोके ठाण मांडून बसलेत. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून घ्या, सासूबाई म्हणतात एकदा तरी आई होऊ दे, मुक्या जिवाचं पाप लागेल. माझाही धीर होत नाहीये. कुणी केलंय का?

तृप्ती_क:
करून घे गं. मी पण एकदा होऊ दे म्हटलं होतं. चार पिल्लं झाली, घरं मिळतील वाटलं, गेली दोनच. आणि ती अजून दूध पीत होती तोवर ही परत गाभण, अंगावर पाजत असतानाही मांजर राहते हे मला ठाऊकच नव्हतं, आणि दिवस तरी किती, जेमतेम नऊ आठवडे! दुसऱ्या वेळी पाच. त्यातलं कपाळावर पांढरा ठिपका असलेलं पिल्लू खाली रिक्षाच्या चाकाखाली गेलं. सकाळी दुधाला उतरले तेव्हा दिसलं, अजून कोमट होतं. सासूबाईंना हे सांग.

निखिल७७:
एकदा पिल्लं झाली की तब्येत सुधारते हे अजिबात खरं नाही. उलट लवकर केलं तर स्तनात गाठी होण्याचा धोका बराच कमी होतो, आणि गर्भपिशवी, अंडाशय दोन्ही काढतात त्यामुळे पिशवीत पू होण्याची भीती राहत नाही. फक्त माजावर असताना रक्तस्राव जास्त होऊ शकतो म्हणून बरेच डॉक्टर थोडं थांबतात, तोवर दारंखिडक्या सांभाळा. किती तास उपाशी ठेवायचं ते त्यांनाच विचारा. नंतर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर, आणि खाणं मोजून, वजन पटकन वाढतं.

माधुरीताई:
खालच्या मांजरींचंही बघा, नुसत्या बोक्यांचं करून भागत नाही, एक जरी सुटला तरी पुरतो. कुत्र्यांसाठी आम्ही सोसायटीतून महापालिकेला अर्ज दिला होता. लोक म्हणाले लांब सोडून या, पण केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमांप्रमाणे गल्लीतली कुत्री नसबंदी आणि रेबीजची लस देऊन पुन्हा तिथेच सोडतात, कानाला कट असतो तो त्यासाठीच. जागा मोकळी केली की दुसरी येतातच, आणि ती व्याली की परत तेच.

सायली_डोंबिवली:
थँक्यू सगळ्यांना. डॉक्टरांशी बोलले, ओरडणं थांबलं की पुढच्या आठवड्यात करू म्हणाले. तृप्तीचं सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, मग रात्री विचारत होत्या, टाके घातल्यावर चिंगीखाली माझी जुनी सुती साडी अंथरू का.