हरिहरेश्वरची प्रदक्षिणा बंद करायची की वेळ पाळायची?

खारावारा: 'समुद्राकडची प्रदक्षिणा कायमची बंद करा, देवळाभोवती फेरी मारली तरी पुरे' ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव आणि शेवटी डोंगराला वळसा, असा क्रम आहे. खाचेतल्या पायऱ्या उतरून खडकांवरून परत येणं हीच तर प्रदक्षिणा. समुद्र वगळला तर पेशव्यांच्या या कुलदैवताची खूण काय उरली? दोष वाटेचा नाही, वेळ न बघता उतरणाऱ्यांचा आहे.

काठावरचा: पोस्ट माझीच. तिथे माणसं वाहून गेली आहेत, आणि तुम्हाला क्रमाची पडली आहे! महाशिवरात्रच घ्या. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. वद्य चतुर्दशी, 14 ची पाऊणपट साडेदहा. म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमाराला भरती, तीही उधाणाची. गर्दी नेमकी त्याच वेळेला.

पंचांगी: शिवाय शंकराला अर्धीच प्रदक्षिणा, सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचं पाणी वाहून नेणारी पन्हळ, ओलांडत नाहीत.

खारावारा: सोमसूत्र गाभाऱ्याच्या पन्हळीपुरतं. इथे वळसा अख्ख्या डोंगराला आहे, आणि गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू, पार्वतीही आहेत. सोमसूत्र आड येतं ते देवळाभोवतीच्या फेरीलाच.

नाखवा: ते राहू द्या. पाऊणपटीवर जीव टांगू नका, अर्धा तास सहज चुकतो. मोबाइलवर मुंबईची वेळ बघून येतात तेही चूक. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकते, म्हणजे हरिहरेश्वरला मुंबईच्या आधी पाणी चढतं.

पंचांगी: पिढ्यान्‌पिढ्या तिथीवरच होड्या लोटल्या. आता म्हणे तिथी चुकीची!

नाखवा: चुकीची कोण म्हणालं? ढोबळ म्हणालो. नीट वाचा. पाणी सहा तास सारखं चढत नाही. चढायच्या पाण्याचे बारा भाग धरा: तासागणिक 1, 2, 3, 3, 2, 1. पहिल्या तासात जेमतेम ओलावतं, म्हणून 'अजून वेळ आहे' वाटतं. तिसऱ्या-चौथ्या तासात अर्धं पाणी येतं आणि मागची वाट बुडते. आणि भरतीचं कोष्टक पाण्याची उंची सांगतं, लाट नाही. चार लहान लाटांमागून मोठी येते, ती खाचेत शिरली की उभी उसळते. तेव्हा फोटोसाठी समुद्राकडे पाठ केलेला माणूस गेलाच.

काठावरचा: मग मी वेगळं काय म्हणतोय? शेवाळावर चप्पल घसरते, अनवाणी चाललं तर कालवं पाय कापतात. पळायचं कसं?

खारावारा: पळायची वेळ येऊच नये. पाणी उतरत असताना, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी फिरायच्या आत वर यायचं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, ओहोटीलाही खडक कमी उघडे पडतात, म्हणून आणखी जपायचं.

काठावरचा: पावसाळाभर बंद, हे तरी मान्य करा.

खारावारा: केलं. एरवी वेळेनुसार साखळी लावा, तीही मान्य. पण पायऱ्यांच्या वरच्या टोकाला. खाली उतरलेला माणूस साखळी बघून परत फिरत नाही.

नाखवा: लोखंडी नको, खारं वारं खाऊन टाकतं. जाड नायलॉनचा दोर बांधा आणि शेजारी त्या दिवसाची वेळ रोज खडूने लिहा.