मदत हवी आहे: मोटरहोमचा जनरेटर तापून बंद पडतोय

रानवाटा
सध्या नीडल्स, कॅलिफोर्नियात अडकलोय. जनरेटर तापून बंद पडतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) नवीन आहे, रेडिएटरला जोडलेल्या जादा कूलंटच्या बाटलीत लेव्हल बरोबर आहे, ऑइल ठीक. परत चालू केला की थोडा वेळ चालतो, पुन्हा बंद. परवा ग्रँड कॅन्यनला निघायचंय, सोबत सासू-सासरे आणि मुलं. मेकॅनिक पुढच्या आठवड्याची वेळ देतोय, त्यामुळे 'मेकॅनिकला दाखवा' कृपया कोणी लिहू नका. लवकर सांगा.

तेलकट_हात
पोट दुखतंय एवढंच सांगून औषध मागताय राव! डिझेल, पेट्रोल की गॅस? हवेवर थंड होणारा की रेडिएटरवाला? किती किलोवॅट? गाडी चालू असताना बंद पडतो की उभी असताना? लोड किती?

रानवाटा
कूलंट म्हटलं म्हणजे रेडिएटरवालाच ना! डिझेल, ८ किलोवॅट. लोड म्हणजे एसी, दुसरं काय असणार या तापत्या गावात.

चंद्रभागा
तापूनच बंद पडतो हे कशावरून? बहुतेक मोटरहोममध्ये जनरेटरची डिझेलची नळी टाकीत मुद्दाम उंचावर ठेवलेली असते. पाव टाकीच्या आसपास आलं की जनरेटर आपोआप बंद, म्हणजे गाडी हलवायला डिझेल उरतं. आमचे हे अशाच वेळी अख्खा जनरेटर उघडून बसले होते.

रानवाटा
टाकी अर्ध्याच्या वर आहे. स्विचवरचा दिवा लुकलुकून जो कोड दाखवतो तो मॅन्युअलमध्ये इंजिनच्या जास्त तापमानाचा आहे. हे लिहायचं राहिलं.

सूर्योपासक
या कटकटी संपवा. जनरेटर काढा, छतावर १२०० वॅटचे सोलर, खाली लिथियम बॅटऱ्या आणि मोठा इन्व्हर्टर. आवाज नाही, धूर नाही.

तेलकट_हात
छतावरचा १३,५०० बीटीयूचा एक एसी दीड किलोवॅटच्या आसपास खातो. तुमचे १२०० वॅट भर दुपारी, पॅनेल सपाट ठेवून, तापलेल्या काचेवर १२०० मिळतच नाहीत. दोन एसी कशावर चालवणार? आणि परवापर्यंत बसवणार कोण?

सूर्योपासक
दिवसा साठवायचं, रात्री वापरायचं. समजून घ्यायचंच नसेल तर इलाज नाही.

गोरेगावकर
माझा धंदाच व्हॅनिटी व्हॅनचा आहे. मे महिन्यात फिल्मसिटीत दिवसभर जनरेटर चालतो. मालक, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून फेका. पाणी मोकळं फिरेल, इंजिन थंड राहील. १५०० आरपीएमवर काही होत नाही.

तेलकट_हात
दादा, अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. जनरेटर चार पोलचा (चार चुंबकी ध्रुवांचा) असेल तर १८०० आरपीएम. आणि थर्मोस्टॅटला हात लावू नका! काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं कूलंट रेडिएटरकडे न जाता तसंच माघारी फिरतं आणि इंजिन उलट जास्त तापतं.

गोरेगावकर
आमच्याकडच्या गाड्या चालतात ना! पुस्तकं वाचून मेकॅनिक होता येत नाही.

तेलकट_हात
बरं. रानवाटा, तुम्ही इकडे लक्ष द्या. १) लोड न देता किती वेळ चालतो? २) एक एसी लावला तर? ३) गाडी पळताना आणि उभी असताना काही फरक? ४) इंजिन गार असताना आणि गरम असताना बाटलीतली लेव्हल किती बदलते?

रानवाटा
लोडशिवाय कितीही चालतो. एका एसीवर तासभर तरी जातो. दोन लावले की अर्ध्या तासात बंद, गाडी पळत असो की उभी. बाटलीतली लेव्हल अजिबात बदलत नाही, एकदम परफेक्ट आहे, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. सध्या मोटरहोम उभ्या करायच्या पार्कच्या विजेवर आहोत म्हणून एसी चालू आहे, पण वाटेत काय करणार?

तेलकट_हात
लेव्हल बदलत नाही हीच गडबड आहे! कूलंट तापून फुगलं की झाकणाच्या व्हॉल्व्हमधून बाटलीत जायला हवं आणि गार झालं की परत रेडिएटरमध्ये ओढलं जायला हवं. बाटली हलतच नसेल तर झाकणाचं रबर गेलंय, मधली बारकी नळी फुटलीय किंवा रेडिएटरच वरून रिकामा आहे. बाटली भरलेली आणि रेडिएटर कोरडा, हे नेहमी होतं. कूलंट कधी बदललं? कोणी?

रानवाटा
निघायच्या आधी, बारस्टोच्या एका गॅरेजमध्ये. त्रास त्यानंतरच सुरू झालाय.

तेलकट_हात
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! आत हवा अडकली असणार. उद्या पहाटे इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना हात लावायचा नाही, तोंडावर वाफ येईल. पातळी खाली दिसली तर आधीच्याच प्रकारचं कूलंट निम्म्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळून हळूहळू भरा. झाकण उघडं ठेवून लोडशिवाय चालवा, वरचा पाइप दाबत राहा, बुडबुडे निघू द्या. पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, मग परत भरा. वॉटर पंपचा पट्टा ढिला नाही ना तेही बघा. तासाभरानंतरही बुडबुडे थांबत नसतील तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलचा) संशय घ्यावा लागेल.

गोरेगावकर
निम्मं कूलंट कशाला? साध्या पाण्याने उष्णता जास्त ओढली जाते.

चंद्रभागा
उष्णता ओढतं हे खरं, पण पाणी १०० अंशांना उकळतं आणि गंज धरतं तो वेगळाच. निम्म्या कूलंटवर १५ पीएसआय दाब धरून ठेवणारं झाकण असलं की उकळबिंदू १२५ च्या पुढे जातो. म्हणून तर ते झाकण धड हवं. नवीन झाकण स्वस्तात मिळतं, जुन्यावरचा पीएसआय आकडा बघूनच घ्या.

आणि मुलं मागच्या बेडरूममध्ये झोपत असतील तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दाबून बघा. जनरेटरचा धूर खिडकीखालून आत शिरतो, या वायूला वास नसतो.

पुणेरी_पगडी
एक शंका. पुढच्या जूनमध्ये आईबाबांना यलोस्टोनला न्यायचंय. असली गाडी भाड्याने मिळते का? आत पोळ्या करता येतात का? वेगळं लायसन्स लागतं का?

सूर्योपासक
इंडक्शन घ्या. सोलरवर चालतं.

चंद्रभागा
पोळ्या होतात, पण एक्झॉस्ट फॅन लावा, धुराचा अलार्म फार तत्पर असतो. कॅलिफोर्नियात ४० फुटांपेक्षा लांब मोटरहोमला वेगळं, क्लास बी लायसन्स लागतं. भाड्याच्या गाड्या एवढ्या लांब नसतात.

रानवाटा
माझी गाडी ३६ फूट आहे आणि लायसन्सचं मी विचारलेलं नाही.

अपडेट: पहाटे झाकण उघडलं. आत कूलंट दिसतच नव्हतं! लिटरभराहून जास्त मावलं. बुडबुडे निघाले आणि थांबले. पट्टा घट्ट आहे. झाकणाचं रबर चिरलेलं होतं, गावातच नवीन मिळालं. दुपारी बाहेर ४५ अंश असताना दोन्ही एसी लावले. सव्वा तास चालला आणि परत बंद. आता काय?

तेलकट_हात
अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला म्हणजे दिशा बरोबर आहे. आता हवेचा मार्ग बघा. जनरेटरचा ट्रे बाहेर ओढून रेडिएटरची दोन्ही तोंडं टॉर्चने तपासा. हवा आत येते त्या बाजूला धूळ आणि तेलाचा थर बसतो, बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो. कप्प्याच्या कडेची फोमची पट्टी जागेवर आहे का? ती निघाली की खाली फेकलेली गरम हवाच परत आत ओढली जाते.

आणि उद्या पहाटे पाचला निघा. किंगमनपर्यंत चढ आहे, तिथे साधारण ३३०० फूट, फ्लॅगस्टाफला ७००० च्या जवळ. विरळ हवेत जनरेटरची ताकद दर हजार फुटांना तीन टक्क्यांच्या आसपास घटते, पण वर गारवा असल्याने दोन एसी लागणारच नाहीत. पुढे डॅशचा एसी, मागे छतावरचा एक, एवढ्यावर भागवा. आणि बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं लोडशिवाय चालू द्या.

रानवाटा
ट्रे ओढला. खालच्या बाजूला रेडिएटर आहे की गोधडी तेच कळेना, अर्धा भाग लोकर आणि मातीने भरलाय. फोम एका बाजूने लोंबतोय. पार्कमध्ये गाडी धुवायला परवानगी नाही. ट्रकवॉशला नेऊन जोरात फवारा मारून घेतला तर चालेल ना?

तेलकट_हात
नाही! रेडिएटरची पातळ पाती आडवी पडतील आणि आहे तोही रस्ता बंद होईल. डिटर्जंटचं पाणी आणि मऊ ब्रश वापरा, मग फॅनच्या उलट्या दिशेने साध्या नळीने धुवा. ट्रकवॉशवाल्याकडे बादली आणि नळी मागा, देईल.

गोरेगावकर
थर्मोस्टॅट काढला असता तर एव्हाना कॅन्यन बघून झालं असतं.