हिवाळ्यानंतर ट्रेलर उघडला: फर्नेस पेटत नाही, फ्रिज थंड होत नाही, कोपऱ्यात ओल

ग्रँडरॅपिड्सकर

नमस्कार मंडळी,

आम्ही मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सजवळ राहतो. गेल्या सप्टेंबरात एका कुटुंबाकडून २०१५ सालचा २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे फिरते घर, विकत घेतला. ऑक्टोबरात पाण्याच्या नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरले आणि तो ड्राइव्हवेवर झाकून ठेवला. बॅटरी काढून गॅरेजमध्ये ठेवायला हवी होती, हे मला मार्चमध्ये कळले. तोवर ती सगळा हिवाळा ट्रेलरलाच जोडलेली राहिली. मार्चअखेर ती काढून स्वच्छ केली आणि पुन्हा बसवली.

आता पुढील अडचणी दिसत आहेत. थर्मोस्टॅट लावला की फर्नेसचा, म्हणजे ट्रेलर गरम ठेवणाऱ्या गॅस हीटरचा, पंखा सुरू होतो, पण ज्योत पेटत नाही, थंड हवाच येत राहते आणि थोड्या वेळाने सगळे बंद पडते. फ्रिज गॅसवर लावला की काही मिनिटांत बिघाड दाखवणारा दिवा लागतो. पाण्याचा पंप कोणताही नळ उघडा नसताना रात्री मधूनच दोन-तीन सेकंद वाजतो. पुढच्या डाव्या कोपऱ्यात, पलंगाच्या वर, तळहाताएवढा तपकिरी डाग पडला आहे आणि तिथली भिंत किंचित मऊ लागते.

जूनमध्ये साताऱ्याहून आई-बाबा येणार आहेत आणि त्यांना घेऊन अप्पर पेनिन्सुलात, लेक सुपीरियरच्या काठी आठवडाभर राहण्याचा बेत आहे. तिथे जूनमध्येही रात्री चांगलाच गारठा असतो. बाबांचे इन्सुलिन ठेवायचे असल्यामुळे फ्रिजवर पूर्ण भरवसा हवा. दुरुस्तीच्या दुकानात मे महिन्याच्या शेवटापर्यंत वेळ मिळत नाही. यांतले काय मी स्वतः करू शकतो आणि सुरुवात कुठून करावी?

कोलंबसचा_वाटसरू

नमस्कार. आमचा ट्रेलर बारा वर्षे वापरात आहे, त्या अनुभवावर लिहितो.

आपण फर्नेस आणि फ्रिज हे दोन वेगळे बिघाड समजत आहात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच कारण असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते, ते म्हणजे १२ व्होल्टचा पुरवठा कमी पडणे. फर्नेस गॅसवर चालते, तरी तिचा पंखा, गॅसचा व्हॉल्व्ह आणि ठिणगी पाडणारे सर्किट बोर्ड १२ व्होल्टवर चालतात. पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेत पातळ पत्र्याची एक झडप असते, तिला सेल स्विच म्हणतात. पंखा पुरेशा वेगाने फिरला की वाऱ्याने ती झडप ढकलली जाते आणि मगच बोर्ड गॅस सोडते. व्होल्टेज कमी असेल तर पंखा फिरताना दिसतो, पण झडप पूर्ण ढकलली जात नाही आणि गॅस सुटतच नाही. आपण सांगितलेली लक्षणे हुबेहूब अशीच आहेत. फ्रिजचे बोर्डही गॅसवर चालवताना १२ व्होल्टच मागते.

म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी एक साधा मल्टीमीटर आणा. ट्रेलरची घरच्या विजेची वायर काढून ठेवा, बॅटरीवरचा सगळा भार बंद करा आणि काही तासांनी तिच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज मोजा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ दिसेल. १२.१ च्या आसपास असेल तर ती निम्मी रिकामी आहे आणि त्याखाली वारंवार गेली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यानंतर घरची वायर पुन्हा जोडा आणि त्याच जागी मोजा. आता १३ च्या वर, साधारण १३.६ दिसायला हवे. आकडा वाढलाच नाही, तर कन्व्हर्टर, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारे यंत्र, बॅटरी चार्ज करत नाही असे समजा.

मोजण्यापूर्वी बॅटरीची पेटी नीट पाहा. उतरलेल्या बॅटरीतले आम्ल जवळजवळ पाण्यासारखे पातळ होते आणि २० अंश फॅरेनहाइटच्या आसपास गोठू शकते. पूर्ण भरलेली बॅटरी मात्र मिशिगनच्या कडाक्यातही गोठत नाही. पेटीच्या बाजू फुगलेल्या असतील किंवा तडा दिसत असेल तर ती चार्ज करायचा प्रयत्न कृपया करू नका, सरळ बदला.

ग्रँडरॅपिड्सकर

मनापासून आभार. आज मोजले. वायर काढलेली असताना ११.४ आणि वायर जोडल्यावरही ११.४. पेटी फुगलेली नाही.

कोलंबसचा_वाटसरू

म्हणजे कन्व्हर्टरकडून बॅटरीकडे काहीच जात नाही. आपण मार्चमध्ये बॅटरी काढून पुन्हा बसवल्याचे लिहिले आहे, म्हणून एक नेमका प्रश्न विचारतो: वायरी बसवताना क्षणभर तरी उलट लागल्या होत्या का? ट्रेलरमध्ये बॅटरीकडे जाणारी पांढरी वायर बहुधा ऋण असते आणि काळी धन. घरच्या किंवा मोटारीच्या सवयीने काळी वायर ऋण समजून लावली जाते. ही चूक फार लोकांकडून होते. वायरी उलट लागल्या की कन्व्हर्टर वाचावा म्हणून ठेवलेले, उलट ध्रुवतेपासून संरक्षण देणारे फ्यूज तत्क्षणी जातात. फ्यूजच्या पेटीत हे बहुधा दोन मोठे फ्यूज इतरांपासून वेगळे बसवलेले असतात. घरची वायर काढा, बॅटरीची एक वायर सोडवा, मग ते फ्यूज काढून मल्टीमीटरने तपासा, कारण नुसत्या डोळ्यांनी पाहून काही वेळा फसगत होते. बदलताना आधीच्याच अँपिअरचे घाला, मोठे कधीही नको. बॅटरीजवळच्या वायरीतही एक फ्यूज किंवा आपोआप जुळणारा ब्रेकर असतो, तोही पाहून घ्या.

ग्रँडरॅपिड्सकर

आपला तर्क अचूक ठरला. मी खरोखरच काळी वायर ऋण टर्मिनलला लावली होती, एक बारीक ठिणगी दिसली आणि लगेच बदलली, म्हणून ती गोष्ट विसरूनही गेलो होतो. दोन्ही फ्यूज गेलेले होते. नवे घातल्यावर टर्मिनलांवर १३.६ आले आणि फर्नेस पहिल्याच प्रयत्नात पेटली. बॅटरी रात्रभर भरून पुन्हा मोजली, तेव्हा चार तासांत ती १२.२ वर उतरली, त्यामुळे नवी घेणार आहे.

फ्रिज आता विजेवर चांगला चालतो, पण गॅसवर अजूनही बंद पडतो.

इंडियानाची_गृहिणी

आम्ही एल्कहार्टजवळ राहतो. या भागात आरव्ही, म्हणजे असे ट्रेलर आणि राहण्याची सोय असलेल्या गाड्या, बनवणारे इतके कारखाने आहेत की शेजारीपाजारी कोणी ना कोणी त्या कामात असतेच. त्यांच्याकडून शिकलेले सांगते.

विजेवर चालतो आणि गॅसवर नाही, ही खरे तर चांगली बातमी आहे. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे बंद नळ्यांतले चक्र उष्णतेवर फिरते. ती उष्णता विजेच्या कॉइलची आहे की गॅसच्या ज्योतीची, याने त्या चक्राला काही फरक पडत नाही. म्हणजे विजेवर थंड होत असेल तर नळ्यांचा महागडा भाग शाबूत आहे आणि दोष फक्त गॅस ते ज्योत या टप्प्यात आहे. दोन्हींवर थंड होत नसता, मागच्या कप्प्यात अमोनियाचा उग्र वास आला असता किंवा नळीवर पिवळट थर दिसला असता, तर मात्र नवा फ्रिज घेण्याची तयारी ठेवावी लागली असती.

ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला फ्रिजच्या मागे जाळीचे झाकण आहे. फ्रिज बंद करा, सिलिंडरही बंद करा, सगळे थंड होऊ द्या आणि मग ते झाकण उघडा. खाली बर्नरवर पत्र्याचे एक छोटे आच्छादन असते. ते काढले की वरच्या धुराड्यातून पडलेले गंजाचे पापुद्रे बर्नरच्या खाचांत साचलेले दिसण्याची दाट शक्यता आहे, आणि त्याबरोबर कोळ्याचे जाळेही. आमच्याकडे दर वसंतात हेच निघते. जुन्या दातांच्या ब्रशने हलकेच घासा, हवेने फुंकून काढा, ठिणगी पाडणाऱ्या टोकावरची काजळी पुसा. गॅस सोडणाऱ्या जेटच्या भोकात तार किंवा टाचणी घालू नका, कारण ते भोक किंचित जरी मोठे झाले तरी ज्योत कायमची बिघडते. जोडणी सैल केली असेल तर परत आवळून, सिलिंडर उघडून, साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहा. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी असेल तर अजून कचरा आहे.

गॅसच्या गोष्टी निघाल्याच आहेत म्हणून सांगते, गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणाऱ्या यंत्रांच्या मागे तारीख छापलेली असते. त्यांचे आयुष्य ठरावीक वर्षांचेच असते. आपल्या ट्रेलरमधली मूळची असतील तर त्यांची मुदत केव्हाच संपली आहे, ती या आठवड्यातच बदला. फर्नेस लावून आई-बाबा आत झोपणार आहेत.

बाबांच्या इन्सुलिनसाठी आणखी दोन गोष्टी. हा फ्रिज घरच्या फ्रिजसारखा तासाभरात थंड होत नाही, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीच सुरू करा, ट्रेलर सपाट जागी उभा करा आणि पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून दुसऱ्या दिवशी ४० अंश फॅरेनहाइटच्या खाली आकडा आला का पाहा. आणि आतल्या मागच्या बाजूला ज्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर बर्फ धरतो. इन्सुलिन गोठले तर ते वापरता येत नाही, म्हणून ते डब्यात घालून पट्ट्यांपासून दूर, खालच्या कप्प्यात ठेवा.

पुणेरी_कॅम्पर

मी पुण्यात असतो. टेम्पो ट्रॅव्हलरवर कॅम्पर बांधून घेतला आहे. आमच्याकडे फर्नेसचा प्रश्नच येत नाही, पण ओलीचा अनुभव मात्र भरपूर आहे, कारण जुलैमध्ये ताम्हिणीत दोन दिवस गाडी उभी केली की प्रत्येक सांध्याची परीक्षा होते.

डाग जिथे दिसतो तिथे भोक असेलच असे नाही. पाणी छताच्या आतल्या पट्टीवरून वाहत जाते आणि पहिला अडथळा लागेल तिथे उतरते. आमच्याकडे डाग मागच्या दाराजवळ होता आणि पाणी शिरत होते तीन फूट पुढे, छतावरच्या पंख्याच्या चौकटीतल्या एका स्क्रूपाशी. शोधण्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या धारेने, दाब न देता, सर्वांत खालून सुरुवात करून एकेका सांध्यावर पाच-पाच मिनिटे पाणी सोडावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरते आणि काहीच उमजत नाही. जो सांधा भिजवताना आत थेंब दिसेल, त्याच्यावर लगेच खडूची खूण करा.

टोरंटोचा_मिस्त्री

वरील पद्धत अगदी योग्य आहे. मी दुरुस्तीबद्दल लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान चुकीच्या दुरुस्तीनेच होते.

हार्डवेअरच्या दुकानातले सिलिकोन ट्रेलरच्या छतावर लावू नका. ते काही काळाने सुटते आणि त्यानंतर त्या जागेवर दुसरे काहीही धड चिकटत नाही, स्वतः सिलिकोनसुद्धा. रबराच्या छतासाठी बनवलेले, आपोआप समतल होणारे सीलंट आडव्या पृष्ठभागावर वापरायचे. उभ्या सांध्यांसाठी न ओघळणारे वेगळे मिळते. जुने सीलंट घट्ट बसलेले असेल तर ते खरवडू नका, फक्त तडकलेला आणि उचललेला भाग प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि नवे लावा. पेट्रोलियम असलेले क्लीनर रबराच्या छतावर नको, त्याने रबर फुगते. छतावर चढायचे असेल तर प्लायवुडचा तुकडा अंथरून वजन पसरवा. हलक्या ट्रेलरचे छत माणसाच्या वजनासाठी नसतेच, तेव्हा शिडीवरून हात पोहोचत असेल तर तेच बरे. पुढचा डावा कोपरा म्हटल्यावर मी आधी वरच्या कडेचे छोटे दिवे आणि बाजूच्या पट्टीतले स्क्रू पाहीन.

भिंत मऊ लागते हे मात्र गांभीर्याने घ्या. आतला पॅनेल उघडून लाकूड वाळू द्या, पंखा आणि डीह्युमिडिफायर चालवा. ओले असताना वरून झाकले तर पुढच्या वर्षी तिथे कुजलेला भुगा मिळेल.

पंपाबद्दल: नळ बंद असताना पंप मधूनच वाजतो म्हणजे कुठेतरी दाब उतरतो आहे. हिवाळ्यात हमखास विसरली जाणारी जागा म्हणजे बाहेरचा शॉवर. त्याच्या नळात पाणी राहिले तर ते गोठते आणि आतला प्लॅस्टिकचा भाग फुटतो. टॉयलेटचा पाण्याचा व्हॉल्व्ह दुसरा. दोन्हींखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा आणि तासाभराने पाहा. कुठेच ओल नसेल तर पंपाच्या आतलाच एकेरी व्हॉल्व्ह दाब परत सोडत असेल. गीझरची टाकी पूर्ण भरून गरम नळातून अखंड धार आल्याशिवाय विजेचे बटण दाबू नका, कोरड्या टाकीत कॉइल काही क्षणांत जळते. ऑक्टोबरात अँटिफ्रीझ या टाकीत जाऊ नये म्हणून लावलेला बायपास व्हॉल्व्हही परत फिरवायचा आहे, नाहीतर टाकी भरणारच नाही.

आणि टायर. बाजूवर DOT या इंग्रजी अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ असेल तर २०१८ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवीकोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर ट्रेलरचा टायर बदलावा, कारण तो आतून सुटतो आणि फुटताना ट्रेलरचा तळ आणि नळ्याही फाडून जातो. अप्पर पेनिन्सुलाला जाताना आपल्याला मॅकिनॉ पूल ओलांडायचा आहे आणि तिथे वारा जोराचा असतो. जुन्या टायरांवर तो पूल पार करू नये.

ग्रँडरॅपिड्सकर

सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. काल आणि आज केलेले काम नोंदवतो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

फ्रिजच्या बर्नरवर चमचाभर गंजाचे पापुद्रे आणि जाळे निघाले. साफ केल्यावर ज्योत निळी आली आणि २० तासांनी ग्लासातले पाणी ३७ अंशांवर होते. गळती बाहेरच्या शॉवरच्याच नळात निघाली. गॅसचे यंत्र २०१५ चेच होते, दोन्ही यंत्रे बदलली. टायरांवर ०९१६ वाचले, त्यामुळे चारही नवे मागवले आहेत. छतासाठी शनिवारी पत्नी आत बसली आणि मी पाणी सोडले. पुढच्या वरच्या कडेला डावीकडून दुसऱ्या पिवळ्या दिव्याशी धार नेली आणि मिनिटभरात तिने आतून हाक मारली.

एक प्रश्न उरला. घराच्या बाहेर ट्रेलरसाठी ३० अँपिअरचा प्लग बसवून घ्यायचा आहे. इलेक्ट्रिशियनला काय सांगावे?

कोलंबसचा_वाटसरू

हे फार चांगले विचारलेत. आरव्हीचा ३० अँपिअरचा प्लग १२० व्होल्टचा असतो. घरात ३० अँपिअर म्हटले की पुष्कळ इलेक्ट्रिशियनना कपडे वाळवायच्या यंत्राचा २४० व्होल्टचा प्लग डोळ्यांसमोर येतो आणि ते तशीच जोडणी करतात. मग ट्रेलर जोडताच कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, फ्रिजचे बोर्ड, सगळे एकदम जळते. त्यांना टीटी-३० हेच नाव सांगा, एक फेज, एक न्यूट्रल आणि एक अर्थ असे कागदावर लिहून द्या. काम झाल्यावर ट्रेलर जोडण्यापूर्वी त्याच मल्टीमीटरने स्वतः मोजा. फेज आणि न्यूट्रलमध्ये १२० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळजवळ शून्य. हे तीन आकडे दिसल्यावरच वायर लावा.