पुरात देवालाही सूट नसते

कर्जाच्या काळजीत नामस्मरण करावं का, असं या धाग्यावर एका ताईंनी विचारलंय; त्यावर संकटात देव आठवणं हा निव्वळ स्वार्थ, असं एकांनी म्हटलंय. असेल. पण बुडणाऱ्याने आधी निष्काम भक्ती शिकून यावं, ही अट जरा जाचकच नाही का?

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली; धोक्याची पातळी ४५. आम्ही शेजारच्या काकांच्या वरच्या मजल्यावर. वीज गेलेली, मोबाईल बंद. आईने कागदपत्रांच्या पिशवीतच कुलदेवीचा टाक ठेवला होता. मेणबत्तीच्या उजेडात आरती व्हायची आणि तिथेच ठरायचं, उरलेलं दूध कोणाच्या बाळाला, बीपीची गोळी कोणाकडे शिल्लक आहे. पाणी त्याने बोटभरही उतरलं नाही. पण जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलेली माणसं रात्री डोळा तरी लावू शकली. (कृष्णाकाठच्या देवांनाही पूर चुकत नाही, औदुंबरला दत्ताच्या देवळातही पाणी शिरतं.)

धागाकर्त्या ताई, कर्जाच्या काळजीने झोप उडालीय म्हणता, तर नामस्मरण खुशाल करा, कोणी हसलं तर हसू दे. सोबत बँकेत जाऊन हप्ते लांबवण्याचंही विचारा, आणि जाताना घरातलं कोणीतरी बरोबर न्या.