अकरावी सायन्सला गणित ठेवावं का? मुलगी सेमीची, दहावीला ८४

कृष्णाकाठ_आई:
नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातले. मुलगी सेमी इंग्रजीतून दहावी झाली, गणितात १०० पैकी ८४. सायन्सला जायचं एवढं तिचं पक्कं, पुढचं काही ठरलेलं नाही. बायो आवडतं, पण डॉक्टरच व्हायचंय असंही नाही. कॉलेजात विषय लिहून द्यायचे तर घरात दोन तट पडलेत. तिचा मामा म्हणतो गणित सोड आणि मेडिकलच्या नीट परीक्षेच्या मागे लाग. क्लासचे सर म्हणतात इंजिनिअरिंगची जेईई कर. ती म्हणते, मी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो चारही ठेवते. मी स्वतः आर्ट्सची, त्यामुळे मला यातलं काही सांगता येत नाही. ८४ वाल्या मुलीला अकरावीचं गणित झेपतं का? आणि झेपायचं असेल तर आत्ता सुट्टीत काय करून घ्यावं?

खडू_फळा:
ताई, मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. आधी ते ८४ बाजूला ठेवा. त्यातले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, ते बहुतेकांना चांगलेच मिळतात. उरलेले ८० म्हणजे भाग १ (बीजगणित) आणि भाग २ (भूमिती) चे चाळीस-चाळीसचे दोन पेपर. कुठला सोपा गेला होता ते तिला विचारा. बीजगणितात हात बसलेला असेल तर अकरावीला मोठा आधार होतो, कारण प्रमेयं पाठ करून मिळवलेले मार्क तिथे फारसे कामाला येत नाहीत.

आज संध्याकाळी तिला कागद-पेन देऊन बसवा. पुस्तक नाही, कॅल्क्युलेटर नाही, घड्याळही नको.

पहिलं: १/(√२ − १) या अपूर्णांकाचा छेद परिमेय कर. उत्तर √२ + १.
दुसरं: दोन संख्यांची बेरीज ७ आणि गुणाकार १० आहे. वर्गसमीकरण मांडून त्या संख्या काढ. (५ आणि २ हे तोंडी कुणीही सांगेल, मांडणी बघायची आहे.)
तिसरं: लघुकोनाचा टॅन ३/४ असेल तर साइन आणि कॉस किती? ३/५ आणि ४/५.
चौथं: सेक वर्ग वजा टॅन वर्ग बरोबर १ हे काटकोन त्रिकोण काढून दाखव.

किती बरोबर आली ते मोजू नका. अडल्यावर ती काय करते तेवढं बघा. उत्तर बघू का म्हणून लगेच विचारते, की आकृती काढून, उलटसुलट करून धडपडत राहते? दुसऱ्या प्रकारची मुलगी असेल तर दहावीला ७० असते तरी मी गणित ठेवा म्हटलं असतं. मी हे मनापासून सांगतोय. ९५ वाली मुलं पहिल्या चाचणीत कोलमडताना दरवर्षी बघतो, आणि त्यांना कुणीच आधी सांगितलेलं नसतं याचं फार वाईट वाटतं.

कोलमडतात कुठे तेही सांगतो. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात पहिलं प्रकरण कोन आणि त्याचं मापन, त्याला लागूनच त्रिकोणमिती १ आणि २. दहावीत कोन ९० अंशांच्या आत असतो. इथे तो चारही चरणांत फिरतो, अंशाच्या जोडीला रेडियन येतो, आणि त्रिकोणमिती २ मध्ये कोनांच्या बेरीज-वजाबाकीची, दुप्पट-तिप्पट कोनाची सूत्रं रांगेनं येतात. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की मुलं उशिरा वर्गात येतात आणि नेमकी हीच प्रकरणं बुडतात. पुढे सगळीकडे तीच लागतात, बारावीच्या इंटिग्रेशनपर्यंत. मग मूल म्हणतं मला गणित जमत नाही, आणि आईबाप विषय बदलायला ऑफिसात येतात.

म्हणून सुट्टीत एवढंच करा. बालभारतीच्या साइटवर पुस्तकाची पीडीएफ फुकट आहे. पहिली तीन प्रकरणं तिला रोज तासभर स्वतः वाचू द्या. सूत्र पाठ करण्याआधी ते वापरून बघायचं. ७५ अंशाचा साइन ४५ + ३० करून काढला, (√६ + √२)/४ आलं, की तिचा त्या सूत्रावर विश्वास बसतो. बाकीची प्रकरणं कॉलेजात होतील.

फार्मसी_तृतीय:
माझे चारही विषय होते, म्हणून लिहितेय. जमतं, पण चार प्रॅक्टिकल, चार जर्नल, संध्याकाळ त्यातच जाते. फायदा असा की एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) आणि पीसीबी (गणिताऐवजी बायो) दोन्ही ग्रुप देता येतात. मी दोन्ही दिले आणि पीसीबीवर फार्मसी घेतली. पण नीट मनावर घेतली तर हिशेब बदलतो, तिथे ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोचे आहेत.

नीटवाला_बाबा:
मामांचं अगदीच चूक नाही. आमच्या मुलाला आठवीपासून मेडिकलच करायचं होतं, त्यानं गणित घेतलं नाही आणि ते बरंच झालं. फक्त गणित सुटलं असं समजू नका. अकरावी फिजिक्सच्या दुसऱ्याच प्रकरणात व्हेक्टर आणि डिफरन्शिएशन आहे, ते पीसीबीवाल्यांनाही करावंच लागतं.

कृष्णाकाठ_आई:
सर, काल बसवलं. पहिली तीन आली. चौथ्याला बराच वेळ अडली, मग स्वतःच त्रिकोण काढून पायथागोरसनं केलं. जेवायलाही उठेना. आता क्लास लावायचा का? इथे एक जण म्हणतात कॉलेज नावापुरतं, सगळं आमच्याकडेच.

खडू_फळा:
वा! गणित ठेवा ताई, आणि बायोही राहू दे. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, स्टॅटिस्टिक्स, एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) नौदल किंवा हवाई दल, यातलं काहीही पुढे सुचलं तर गणित लागणार, आणि मध्येच घ्यायचं म्हटलं तर अवघड होतं. वर्षभरात तिचं नीटचं पक्कं झालं तर तेव्हा वजन बायोकडे टाकता येईल.

कॉलेज नावापुरतं असणारा क्लास मात्र नको. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, १०० मार्क, वेळ ९० मिनिटं. त्यातला साधारण वीस टक्के भाग अकरावीचा असतो. बहुपर्यायी प्रश्न असतात म्हणून क्लासवाले थेट युक्त्यांवर जातात. बोर्डात पायऱ्या लिहाव्या लागतात, आणि पायऱ्या लिहिता आल्या की सीईटीचा वेग सरावानं वाढतो. उलट सहसा होत नाही. तेव्हा पहिल्या सत्रात कॉलेज आणि घरचा तासभर, एवढंच. पहिल्या चाचणीचा पेपर हातात आल्यावर क्लासचं ठरवा.

आणि प्रवेश घ्यायच्या आधी एकदा कॉलेजच्या आवारात जाऊन बारावीच्या दोन-तीन मुलींना गाठा. गणिताचे तास रोज होतात का, सर शंका विचारू देतात का, विचारा. कॉलेजचा कटऑफ कितीही असो, त्या सांगतील त्यावर नाव ठरवा.