गच्चीवरची कासवं आणि कावळे: जाळी लावायची की कासवं घरात घ्यायची?

मानेवाडाकर
आमच्या नागपुरात शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या टबातून कावळ्यानं स्लायडर या पाळीव पाणकासवाचं पिल्लू उचललं. टबावर हिरवी शेडनेट होती, ती त्यानं कडेनं उचकटली. आता गल्लीत सल्ले सुरू आहेत: गुलेल ठेवा, फटाके फोडा. मला हे साफ नामंजूर. कावळा, घार, शिक्रा आपलं पोट भरतात. पिंजरा नीट करणं पाळणाऱ्याचं काम. लोखंडी चौकटीवर अर्धा इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली कडक तारजाळी), झाकणाला कडी, एवढं पुरतं. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ मुर्गाजाळी नको. तिच्या भोकातून चोच आत जाते, शिवाय घार बसली की जाळी झोळ खाते आणि पिल्लू चोचीच्या टप्प्यात येतं. जाळी पाण्यापासून चांगली हातभर वर हवी.

धंतोलीची ताई
पण बाहेर ठेवायचं काहून? घरात काचेची टाकी, वर यूव्हीबी दिवा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा), विषय संपला. ना कावळा, ना मांजर. आणि आपल्याकडचं ऊन! नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गच्चीवरच्या टबात कासव उकडून निघेल.

मानेवाडाकर
ताई, उन्हाचं खरं आहे. म्हणूनच अर्ध्या टबावर सावली आणि पाणी खोल हवं. मे महिन्यात तर दुपारी आतच घ्यावं. पण दिव्यावर माझा भरवसा नाही. त्याचा उजेड दिसत राहतो आणि यूव्हीबी मात्र काही महिन्यांत उतरतं, हे किती जण लक्षात ठेवतात? खिडकीतलं ऊनही कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबी मिळालं नाही की कवच मऊ पडतं, हाडं वाकतात. सकाळचं कोवळं ऊन फुकट आहे.

धंतोलीची ताई
दिवा वेळेवर बदलायचा आळस असेल तर कासव पाळूच नये, भाऊ. गच्चीची कडी लावायलाही तोच माणूस विसरणार आहे.

पाखरूप्रेमी
जाळी लावा, पण नायलॉनची लावू नका, हात जोडतो. संक्रांतीनंतर मांजात पंख कापलेले पक्षी सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला, जातात, ते पुरे आहेत. सैल नायलॉन जाळीतही तेच होतं: पाय अडकतो, पक्षी फडफडत राहतो. ताणलेला वेल्डमेश बरा. चकाकत्या सीड्या आणि प्लास्टिकचं घुबड यांवर पैसे घालवू नका. कावळा थोडे दिवस बिचकतो, मग त्याच घुबडाच्या डोक्यावर बसतो.

सदरकर
मूळ प्रश्न कोणी विचारून नाही राहिलं. ही पिल्लं दुकानात रुपयाच्या नाण्याएवढी दिसतात. मादी पुढे जवळपास फूटभर होते. मग टब पुरत नाही आणि फुटाळा किंवा अंबाझरी तलावात "सोडून" येतात. परदेशी कासव आहे ते, आपल्या तळ्यातल्या कासवांचं खाणं आणि ऊन शेकायच्या जागा बळकावतं. आणि शुभ म्हणून चांदणी कासव घरात ठेवणाऱ्यांनो, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. इग्वाना हा परदेशी सरडा पाळणाऱ्यांनाही २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आधी हे बघा, मग कावळ्याला शिव्या द्या.

मानेवाडाकर
दादा, पाळूच नये हे विकत घेण्याआधी सांगायचं. शेजाऱ्यांचं एक पिल्लू अजून टबात आहे, त्याचं काय करू? तळ्यात तर सोडायचं नाही ना?

सदरकर
नाही. वेल्डिंगवाल्याला माप द्या. आणि झाकणाला कडी दोन्ही बाजूंनी लावा, रात्री मांजर येते.