जुना सागवानी जिना शोभेसाठी घ्यायचाय, मदत हवी आहे (तातडीचं)

घाईत_गणू
नमस्कार मंडळी. एका वखारीत जुन्या वाड्याचा सागवानी जिना विकायला आलाय. १२ पायऱ्या, दोन्ही बाजूंना कातीव खांबांचा कठडा, वर निळा ऑइलपेंट. १०० वर्षं जुना आहे म्हणतो. ४५ हजार मागतोय, आणि उद्या संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. घ्यावा का? पॉलिशला किती खर्च येईल? ‘इंटीरियरवाल्याला विचारा’ कृपया सांगू नका, विचारून झालंय.

सदाफुली
दुसरं गिऱ्हाईक नेहमीच तयार असतं हो. बंगला आहे की रो-हाउस? जिन्याची उंची? छताची उंची? फोटो?

घाईत_गणू
चढायचं नाहीये! शोभेसाठी असं शीर्षकातच लिहिलंय. हॉलमध्ये भिंतीला टेकवून पायऱ्यांवर पुस्तकं, समया, कुंड्या ठेवायच्यात. फोटो चढत नाहीयेत इथे.

वास्तुप्रेमी
पायऱ्या विषम हव्यात. १२ घेऊ नका.

सदाफुली
चढायचंच नाही तर सम-विषम मोजणार कोण?

वास्तुप्रेमी
लक्ष्मी मोजते.

पोटमाळा
वाड्याचा जिना आणि दोन्ही बाजूंना कठडा? इथेच खटकलं. आमच्या कसब्यातल्या वाड्याचा जिना भिंतीच्या जाडीतच होता. अरुंद, उभा, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा, वर झाकायला झडप. कठडा नाही, धरायला एक दोर. बहुतेक वाड्यांमधले जिने असेच असायचे. असा जिना भिंतीतून सोडवला की बाजूच्या फळ्या ओबडधोबड निघतात, कारण त्या कुणाला दिसणारच नव्हत्या. दोन्हीकडे कातीव खांब असतील तर तो बंगल्याचा किंवा चाळीचा असेल, नाहीतर एकाचा जिना आणि दुसऱ्याचा कठडा जोडलेला असेल. वाईट आहे असं नाही, पण मग ‘वाड्याचा’ म्हणून वाढवलेली किंमत देऊ नका.

रंधा
सहमत. जाऊन खालून बघा, दुकानदार वरूनच दाखवतो. पायऱ्या बाजूच्या फळीत खाच पाडून बसवल्यात आणि पाचर मारलीय, की नुसते स्क्रू आहेत? फळीच्या मागच्या बाजूला करवतीच्या खुणा बघा. गोलाकार असतील तर यंत्रावर कापलेलं लाकूड. सरळ, पण कमीजास्त अंतराच्या असतील तर हाताची करवत. पायरी मधोमध झिजलेली हवी. सगळीकडे सारखी सपाट असेल तर फळी बदललीय. बारीक भोकं दिसली तर खाली काळा कागद पसरून जिना ठोका. ताजा पिवळट भुगा पडला तर कीड जिवंत आहे.
आणि वजन. दोन फळ्या १० फुटी, १२ पायऱ्या तीन फुटी धरल्या तर साडेसहा घनफूट लाकूड. सुका साग घनफुटाला १८ किलोच्या आसपास. म्हणजे कठडा सोडून सव्वाशे किलोच्या आत-बाहेर. कितव्या मजल्यावर न्यायचाय?

घाईत_गणू
चौथ्या. लिफ्ट आहे.

रंधा
लिफ्टमध्ये दहा फुटी फळी??

कायदेपंडित
१०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. परदेशी न्यायची असेल तर विसरा.

सदाफुली
चौथ्या मजल्यावर न्यायचाय, परदेशी नाही.

जुनेर
काहीही करा, पण तो निळा रंग खरवडू नका! त्या रंगाखाली अजून दोन रंग असतील, हिरवा, पिवळा. तीच त्याची ओळख आहे. नुसता पुसून बेल तेलाचा (म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा) हात द्या. आजकाल दिसेल ते लाकूड घासून चकचकीत मेलामाइन मारायचं खूळ आलंय, सगळं हॉटेलच्या रिसेप्शनसारखं दिसतं.

रंधा
उलट बोलताय. ऑइलपेंटवर तेल मुरणार कुठे? वर चिकट थर बसेल आणि धूळ धरेल. रंग काढा, मग चपड्याचं (लाखेचं) पॉलिश. सागाला ऑइलपेंट फासणं हाच मुळात अत्याचार आहे.

जुनेर
अत्याचार होऊन पन्नास वर्षं झाली, आता तो इतिहास आहे.

दवाखाना_लेन
दोघेही थांबा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात २०१७ च्या शेवटी लागू झाली. कोरडा पॉलिश पेपर मारला तर ती धूळ घरभर होईल. ओलं करून, घराबाहेर काढा, नाहीतर सुटणारे पापुद्रे काढून वरून सील करा. घरात लहान मूल आहे का?

घाईत_गणू
मुलगी तीन वर्षांची. पण तिला सांगून ठेवू.

दवाखाना_लेन
तीन वर्षांच्या मुलीला ‘हा जिना चढायचा नाही’ सांगणार? पायऱ्या दिसल्या की ती चढणार, आणि वर गेल्यावर पुढे काहीच नाही. खालच्या तीन-चार पायऱ्यांवर जड कुंड्या ठेवा. जिना भिंतीत पक्का आवळा.

रंधा
भिंत कसली? नव्या इमारतीत हलक्या ब्लॉकची असते, त्यात साधा फास्टनर ओढला की निघतो. ठोकून बघा, आणि फास्टनर आरसीसी कॉलममध्येच घ्या.

घाईत_गणू
भाड्याचं घर आहे. मालक खिळासुद्धा ठोकू देत नाहीत.

सदाफुली
😂😂 हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना!

न्यूजर्सीकर_काकू
अरे, मग जपानी पायऱ्यांचं कपाट बघ. कैदान-दान्सु म्हणतात त्याला. पायऱ्यांखाली ड्रॉवर, दारं. सुटं फर्निचर असतं. इथे जुन्या वस्तूंच्या दुकानात दिसतं. पुण्यात सुताराकडून तशा घाटाचं करून घेता येईल.

पोटमाळा
किंवा कोकणातली माळ्यावर चढायची साधी शिडी. एकट्याने उचलता येते, त्यावर गोधड्या, शाली छान दिसतात. घर बदललं तरी जड जात नाही.

जुनेर
जिना अर्धा कापून घ्या असं कोणी सुचवायच्या आत सांगतो, कापू नका.

अर्धा_चहा
अर्धा कापून घेता येईल का? पाच पायऱ्या तुम्ही, सात मी. आमच्या बाल्कनीला हव्यात.

घाईत_गणू
आत्ताच वखारीत जाऊन आलो. पायऱ्या खाचेत, पाचरी जुन्या, भुगा पडला नाही. कठडा मात्र नव्या स्क्रूंनी जोडलाय, तुम्ही म्हणालात तसंच. कठड्याशिवाय २८ हजारांवर आलाय. पण सव्वाअकरा फूट लांब आहे, चौथ्या मजल्याच्या वळणावर फिरणार नाही. पायऱ्या सुट्या करून पुन्हा जोडता येतात का? कोणी केलंय?

रंधा
येतात. पाचरी आधी काढायच्या, प्रत्येक पायरीला खडूने आकडा घालायचा. भाडं संपल्यावर हेच उलटं करायचंय, हेही धरून चाला. सुतार कुठला आहे?

वास्तुप्रेमी
सुटा करताय तर एक पायरी कमीच करा. ११.